तोंडाची शस्त्रक्रिया, भूल आणि रुग्णावरची नजर : पार्श्वभूमी

तोंडाच्या शस्त्रक्रियेत सर्जनची काम करायची जागा आणि रुग्णाची श्वास घ्यायची वाट एकच असते. रक्त, लाळ, दाताचा तुकडा, गॉज, सगळे त्याच वाटेवर. म्हणून भूल कोणती दिली याइतकेच भुलेतल्या माणसाकडे कोण बघत होते, हे इथे महत्त्वाचे ठरते. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले बरेचसे नियम याच प्रश्नावरच्या वादातून आले आहेत.

काय बघायचे, यावरही एकमत नव्हते. क्लोरोफॉर्मच्या काळात निजामाच्या हैदराबादेत 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले. प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा लक्ष श्वासावर ठेवा. पुढे 1911 मध्ये हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयच अचानक बंद पडू शकते हे दाखवले गेले. म्हणजे नाडी आणि श्वास, दोन्ही सांभाळायला हवेत.

खरा पेच मात्र ब्रिटनमध्ये पडला. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दवाखान्याच्या खुर्चीत भूल देऊन दात काढणे नेहमीचे होते. साठच्या दशकात अनेक ठिकाणी एकच दंतवैद्य शिरेतून औषध थोडे थोडे देई आणि दातही काढी. समर्थक म्हणत, काम दोन-चार मिनिटांचे, रुग्ण धडधाकट, दुसरा डॉक्टर कशाला? पण ज्याचे डोळे दाताच्या मुळाशी खिळलेले आहेत त्याला ओठ निळे पडताना दिसणार कसे? रुग्णाला बसवून भूल देण्यावरही 1957 पासून वाद होता: बसल्या जागी घेरी आली तर मेंदूला रक्त कमी पडते, आणि भुलेतला माणूस आडवा पडत नाही, कारण खुर्ची त्याला धरून ठेवते.

1990 मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या गटाने प्रशिक्षित भूलतज्ज्ञ, पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र), ईसीजी आणि रक्तदाबमापन यांचा आग्रह धरला. 1998 मध्ये दंतवैद्यांच्या नियामक संस्थेने नियम कडक केले आणि 2001 अखेर दवाखान्यातली पूर्ण भूल बंद होऊन ती अतिदक्षतेची सोय असलेल्या इस्पितळात गेली. लहान मुलांना प्रतीक्षायादीत अडकावे लागेल, ही हरकत खोटी नव्हती. तरीही हा निर्णय आणखी आधी व्हायला हवा होता.

यंत्रे आली तरी माणूस लागतोच. पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व 1974 मध्ये जपानमध्ये मांडले गेले, ऐंशीच्या दशकात ते शस्त्रक्रियागृहात रुळले. पण नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा काही मिनिटे चांगलाच दिसतो. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ते लगेच सांगतो. तोंड उघडे असल्याने त्याची रेषा कधी कधी फसवी येते, म्हणून छातीची हालचाल बघणे आणि स्टेथोस्कोप लावणे सुटत नाही.

तपासणी भुलेआधीच सुरू होते. प्रकृतीची प्रतवारी 1941 पासून, जीभ-घशाची जागा पाहून श्वासनलिकेत नळी घालणे किती अवघड जाईल याचा अंदाज 1985 पासून. आपल्याकडे सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्या रुग्णात तर तोंड किती बोटे उघडते हे सर्वांत आधी पाहतात. ते उघडत नसेल तर नाकातून, जागेपणीच, दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवतात.

अमेरिकेत मात्र मौखिक सर्जनने प्रशिक्षित सहायकांसह स्वतःच भूल देण्याची पद्धत टिकली. 2014 पासून त्यांच्या संघटनेने कॅप्नोग्राफ आवश्यक केला. मुलांच्या मृत्यूंनंतर वाद पुन्हा पेटला आणि 2019 च्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी खोल गुंगी किंवा पूर्ण भुलेसाठी, शस्त्रक्रिया न करणारी, भुलेचे प्रशिक्षण घेतलेली स्वतंत्र व्यक्ती मागितली. प्रौढांबाबत राज्याराज्यांचे नियम अजून वेगवेगळे आहेत.