निक क्लेग : संसद ते फेसबुक

निक क्लेग (जन्म ७ जानेवारी १९६७) म्हणजे ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते, २०१० ते २०१५ उपपंतप्रधान, आणि नंतर फेसबुकचे, म्हणजे आताच्या मेटाचे, जागतिक धोरणप्रमुख. राजकारण संपल्यावर कंपनीची बाजू मांडायला गेलेला पुढारी, अशीच त्यांची ओळख करून दिली जाते.

पण लॉबिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकायच्या धंद्यात, ते नक्की कधी आले यावर एकमत नाही. बरेच जण ऑक्टोबर २०१८ धरतात, कारण फेसबुकने नेमणूक तेव्हा जाहीर केली. मागे जाऊन बघितलं तर साधारण १९९२-९३ च्या सुमारास ते लंडनच्या जीजेडब्ल्यू या लॉबिंग फर्ममध्ये होते, म्हणजे निवडून येण्याच्या कितीतरी आधी. पुढे ब्रसेल्सला युरोपियन कमिशनमध्ये नोकरी, तिथे आयुक्त लिऑन ब्रिटन यांच्या ऑफिसात काम, १९९९ ला ईस्ट मिडलँड्समधून युरोपियन संसदेत, आणि २००४ ला ती खासदारकी सोडताना ब्रसेल्समधल्याच जीप्लस फर्ममध्ये पार्टनर, तेही इकडे शेफील्ड हॅलममधून वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटनच्या संसदेत, जायची तयारी चालू असताना. त्यामुळे २०१८ पासून मोजणं सोयीचं असलं तरी आधीचा काळ धरणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, हा माणूस या धंद्यात नवखा नव्हताच.

२००५ ला खासदार झाले, डिसेंबर २००७ मध्ये पक्षातलेच प्रतिस्पर्धी क्रिस ह्यून यांना फक्त ५११ मतांनी हरवून पक्षाचे नेते. २०१० च्या टीव्ही डिबेट्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्याबरोबरचं आघाडी सरकार सगळ्यांना माहीतच आहे. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं लिहून दिलं होतं, मग त्याच सरकारने वर्षाची कमाल फी ९,००० पौंड केली, २०१२ ला माफी मागितली तर त्या माफीचंच गाणं करून लोकांनी फिरवलं. २०१५ ला पक्ष ५७ जागांवरून ८ वर आला. २०१७ ला स्वतःची जागाही गेली.

लॉबिंगच्या कायद्याचा भाग जरा नीट बघण्यासारखा आहे. उपपंतप्रधान असताना राजकीय सुधारणा क्लेग यांच्याकडे होत्या, आणि लॉबिस्टांची सरकारी नोंदवही करायचं आश्वासन आघाडीच्या करारातच होतं. जानेवारी २०१४ मध्ये तो कायदा झाला (विधेयक मात्र दुसऱ्या मंत्र्यांनी मांडलं), पण नोंदणीची सक्ती फक्त दुसऱ्यांसाठी पैसे घेऊन मंत्र्यांशी किंवा खात्याच्या सर्वोच्च सचिवांशी बोलणाऱ्या सल्लागारांना. कंपनीच्या स्वतःच्या पगारावर असलेला माणूस त्यात येतच नाही. माजी मंत्र्याने नोकरी घेण्याआधी सरकारी सल्लागार समितीचा सल्ला घ्यायचा तेव्हाचा नियमही पद सोडल्यावर दोनच वर्षं चालायचा आणि क्लेग यांना पद सोडून तीन वर्षं उलटली होती, म्हणजे नियमात सगळं बसत होतं, फक्त नियमच ढिले.

फेसबुकने त्यांना घेतलं ते केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाच्या (फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती परवानगीशिवाय राजकीय प्रचारासाठी गोळा केल्याच्या) वर्षातच. गंमत म्हणजे त्याआधी एका वर्तमानपत्री लेखात याच कंपनीच्या कॅलिफोर्नियन वातावरणाला त्यांनी नाकं मुरडली होती! ट्रम्प यांचं फेसबुक खातं जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, ते दोन वर्षं बंद राहील हे जून २०२१ ला क्लेग यांनीच सांगितलं, आणि २०२३ ला परत चालू करतोय हेही त्यांनीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने त्यांना जागतिक व्यवहारांचे प्रेसिडेंट केलं, आणि धोरणाच्या बाबतीत झुकरबर्ग यांच्या बरोबरीचं स्थान दिलं.

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. जागी आले जोएल कॅप्लन, जुने रिपब्लिकन, बुश यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेले. त्यानंतर काही दिवसांतच मेटाने अमेरिकेतलं बाहेरच्या संस्थांकडून होणारं फॅक्ट-चेकिंग (पोस्टमधली माहिती खरी की खोटी हे तपासणं) बंद करत असल्याचं सांगितलं.