बालाघाटावर तीन पात्यांचीच पवनचक्की का?

पाटोदा-आष्टीच्या माळावर जा किंवा खाली वाशी, भूमकडे उतरा, पवनचक्क्या नजरेत भरतातच. 2024 च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, पवनचक्की कंपनीकडे खंडणी मागितल्याच्या आरोपांवरून राज्य ढवळून निघालं, आणि बीडमध्ये पवनचक्क्या आहेत हे पुण्या-मुंबईलाही कळलं. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. हे यंत्र असंच का दिसतं, याकडे मात्र कुणी वळलं नाही.

वाऱ्यावर वीज करण्याचे सुरुवातीचे दोन प्रयत्न जवळपास एकाच वेळचे. स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ यांनी 1887 मध्ये आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की लावून बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी 17 मीटर व्यासाचं चाक उभं केलं. पाती किती? 144, तीही लाकडाची! एवढा पसारा मांडून वीज निघायची 12 किलोवॉट.

पाती जास्त तर वारा जास्त सापडणार, असं वाटणं साहजिक होतं. विहिरीचं पाणी उपसणाऱ्या बहुपाती चक्कीला ते चालतंही, कारण ती सावकाश पण जोर लावून फिरते. जनित्राला जोरापेक्षा वेग लागतो. डेन्मार्कमधले शिक्षक पॉल ला कूर यांनी 1891 पासून अस्कोव्हच्या शाळेत प्रयोग करून दाखवलं की, थोडी पाती वेगानं फिरवण्यात फायदा आहे. पुढं 1919 मध्ये जर्मनीच्या अल्बर्ट बेट्झ यांनी हिशेबच मांडला: वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त ऊर्जा कुठलीही चक्की काढू शकत नाही. सगळाच वारा अडवला तर मागून येणाऱ्यानं जायचं कुठून?

दोन पाती की तीन, हा वाद बराच काळ रेंगाळला. दोन पात्यांचं यंत्र हलकं आणि स्वस्त, पण वाऱ्याकडं तोंड वळवताना ते हिसके खातं. अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरावर 1941 मध्ये उभारलेल्या सव्वा मेगावॉटच्या दुपाती यंत्राचं एक पातं 1945 मध्ये तुटून पडलं. जर्मनीचं ग्रोवियान हे 100 मीटर व्यासाचं धूड 1983 मध्ये सुरू झालं आणि त्याच दशकात मोडीत निघालं. या दोन्हींपुढे डेन्मार्कच्या गेडसर गावातली योहानेस यूल यांची 1957 ची तीन पात्यांची चक्की अगदीच साधी, 200 किलोवॉटची. पण ती फारशी दुरुस्ती न मागता 11 वर्षं चालली. 1973 च्या तेलटंचाईनंतर डेन्मार्कच्या कारखानदारांनी तिचाच कित्ता गिरवला. माझ्या मते इथं बाजी मारली ती टिकाऊपणानं.

उभ्या आसाच्या, म्हणजे उभ्या खांबाभोवती पाती फिरणाऱ्या चक्कीची ओढ मात्र सुटत नाही. गच्चीवर बसवायच्या म्हणून त्यांचे व्हिडिओ आजही फिरतात. वारा कुठूनही येवो, तिला तोंड वळवावं लागत नाही आणि जनित्र जमिनीवर ठेवता येतं. फ्रान्सच्या जॉर्ज दारिए यांनी 1920 च्या दशकात या प्रकाराचं पेटंट घेतलं. कॅनडात कॅप-शा इथं तशी सुमारे 110 मीटर उंचीची चक्की बांधली गेली, पण 1993 मध्ये ती बंद पडली. अशा चक्कीत प्रत्येक फेऱ्यात पात्यांवरचा ताण उलटसुलट होतो आणि सांधे थकतात. शिवाय गच्चीवरचा वारा इमारतींना धडकून विस्कटलेला असतो, ही गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत.

आपल्या देशात 1986 च्या सुमारास ओखा, तुतिकोरिन आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर 55 किलोवॉटची यंत्रं लागली. नंतर साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर 350 किलोवॉटची आली. घसाऱ्यावरच्या करसवलतीसाठी अनेक उद्योगांनी ती घेतली, वाऱ्याचं प्रेम नंतरचं.

मराठवाड्याची पाळी उशिरा आली, कारण इथला वारा साताऱ्यापेक्षा मवाळ. आषाढात ढग डोक्यावरून पळतात, पाऊस पडत नाही, वारं तेवढं सुटतं. शेतकऱ्याच्या त्या वैतागाचे दिवस म्हणजेच चक्कीचा हंगाम. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते, त्यामुळे मवाळ वाऱ्याची तूट भरून काढायला घेर आणि उंची वाढवावी लागते. खळ्यावर उफणताना माणूस तिवईवर चढतो, तसंच. त्या 350 किलोवॉटच्या चक्कीचा घेर साधारण 33 मीटर व्यासाचा होता. कमी वाऱ्यासाठीच्या 2.1 मेगावॉट यंत्राचा व्यास 120 मीटर असतो. म्हणजे जनित्र सहापट झालं, पण पात्यांनी व्यापलेलं क्षेत्र तेरापट. सोलापूर-धुळे महामार्गावर एका ट्रेलरवर एकच पातं दिसतं ते यामुळेच.

आता फरक उरलाय तो माथ्यावरच्या डब्यात. चाक मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेतं आणि नेहमीच्या जनित्राला हजार-दीड हजार लागतात, म्हणून मध्ये गिअरबॉक्स, आणि डबा लांबट. नगरजवळच्या खंडके इथल्या एनरकॉन कंपनीच्या 800 किलोवॉटच्या यंत्रांचा डबा अंड्यासारखा गोल आहे: तिथं गिअरबॉक्स नाही, मोठ्या व्यासाचं जनित्रच चाकाबरोबर हळू फिरतं. गिअरबॉक्स बिघडला की मोठी क्रेन मागवावी लागते; बिनगिअरचं जनित्र जड आणि महाग. यातलं कुठलं सरस, यावर कंपन्यांचं अजून एकमत झालेलं नाही.