सिंगापूर टूर : रात्रीचं विमान आणि पहिली सकाळ

नमस्कार मंडळी, निघायच्या आठवड्यात सगळ्यात जास्त फोन याच विषयावर येतात म्हणून लिहूनच देतोय, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आधी तारीख नीट बघा. तिकिटावर १४ तारीख, रात्री १२.४० असं असेल तर मुंबईला टर्मिनल २ वर १३ तारखेलाच रात्री नऊला पोचायचंय. १४ ला जेवूनखाऊन निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि हा घोळ चांगल्या शिकलेल्या माणसांचाही होतो. पुण्याहून येणाऱ्यांनी तर दुपारी तीनलाच निघा, घाटात कधी अडकाल नेम नाही.

एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म, आम्ही भरून देतो, ते पोचायच्या दिवसासकट ३ दिवसांतच भरता येतं आणि फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर कुणी भरू नका. ईमेल मात्र रोज उघडता तोच द्या, कारण तिथे आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल त्याचा ई-पास ईमेलवरच येतो.

आता खाऊचा डबा. कळकळीने सांगतो, खसखस नको! ती अफूच्या झाडाचं बी म्हणून सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या मालात धरतात. म्हणजे अनारसे नकोत, खसखस घातलेले डिंकाचे लाडू नकोत, घरचा गोडा मसाला पण घरीच ठेवा. चिवडा, चकली, शंकरपाळे बिनधास्त घ्या. च्युइंगम, गुटखा, तंबाखूची पुडी, ई-सिगारेट यातलं काही खिशातसुद्धा राहू देऊ नका. पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

विमान साधारण साडेपाच तासांचं, त्यात जेवणाच्या ट्रॉल्या फिरण्यात तास-दीड तास जातो. त्यामुळे आजी-आजोबा आणि मुलांनी आधीच खाऊन घ्यायचं, बसल्यावर पट्टा चादरीच्या वरून लावायचा म्हणजे तो बघायला कुणी उठवत नाही, आणि सरळ झोपायचं. उतरताना कानांना दडे बसतात, मुलांना पाणी किंवा चघळायची गोळी द्या.

चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, उतरलात की घड्याळ अडीच तास पुढे करा. तिथे सकाळचे पावणेनऊ म्हणजे आपले सव्वासहा, आणि हॉटेलची रूम मिळते दुपारी तीनला! हे आधी माहीत नसलं की लॉबीत फार चिडचिड होते, म्हणून एक कपड्यांचा जोड, ब्रश आणि रोजची औषधं हँडबॅगेत वरच ठेवा, बॅगा हॉटेलवाले सांभाळतात.

पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम जास्त काही ठेवत नाही. जेवण, रूमवर झोप, आणि मग गार्डन्स बाय द बे या बागेत संध्याकाळी पावणेआठचा सुपरट्रीचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा, लाइट शो, तो फुकट असतो, तिथल्या ओट्यावर आडवं पडून वर बघायचं.