दहा सेंटिमीटरची जागा

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या उत्तर भागातून फोर्थ अँड क्लाइड नावाचा कालवा जातो. १७६८ साली त्याचं खोदकाम सुरू झालं आणि १७९० मध्ये तो पूर्ण झाला. मालवाहू बोटींसाठी काढलेला हा कालवा रेल्वे आणि रस्त्यांपुढे मागे पडला. १९६३ मध्ये तो बंद झाला, काही ठिकाणी तर त्याच्यावरूनच रस्ते गेले. २००१ मध्ये अडथळे काढून तो पुन्हा बोटींसाठी खुला करण्यात आला. त्यानंतर त्याला आणखी एक काम मिळालं: शहरावर पडलेला पाऊस काही तास सांभाळून ठेवायचं.

ग्लासगोच्या जुन्या भागांत पावसाचं पाणी आणि घरांतलं सांडपाणी एकाच गटारातून वाहतं. जोराचा पाऊस झाला की ही गटारं भरतात आणि मैला मिसळलेलं पाणी रस्त्यावर, घरांत आणि नदीत जातं. जुलै २००२ मध्ये शहराच्या पूर्व भागाने असा मोठा पूर पाहिला. उत्तर भागात तर नवी घरं बांधायचीही अडचण होती, कारण त्यांच्या छपरांवरचं पाणी सामावून घेण्याइतकी जागा गटारांत उरली नव्हती. जमिनीखाली नवी मोठी गटारं टाकणं फार खर्चाचं होतं. कालवा मात्र शेजारीच होता.

त्याचा वापर करायची युक्ती महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच कळेल. पावसाळ्यात धरणात येवा वाढणार असं दिसलं की आधीच विसर्ग करून जागा केली जाते. इथे तेच काम कालव्यावर होतं. हवामानाच्या अंदाजात मोठा पाऊस दिसला की दारं उघडून कालव्याची पातळी जास्तीत जास्त दहा सेंटिमीटरने उतरवतात. पाऊस सुरू झाला की आजूबाजूच्या वस्त्यांचं पाणी तळी आणि उघड्या चरांमधून या मोकळ्या जागेत येतं. पातळी सेन्सरवरून सतत कळत असते. सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांच्या या योजनेचं काम २०१८ मध्ये सुरू झालं.

दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढ्याने काय होणार? तर ५५,००० घनमीटर जागा होते. याचं कारण कालव्याच्या रचनेत आहे. नदीला उतार असतो, तर बोटींच्या कालव्यात दोन लॉकगेटांमधलं (म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेण्यासाठी बांधलेल्या दारांमधलं) पाणी जवळजवळ सपाट असतं. ग्लासगोजवळचा हा सपाट टप्पा कित्येक किलोमीटर लांब आहे, त्यामुळे पातळी थोडी उतरवली तरी ती त्या सगळ्या लांबीवर उतरते. ५५,००० घनमीटरला दहा सेंटिमीटरने भागलं की पाण्याचा पृष्ठभाग येतो ५५ हेक्टर. या योजनेमुळे सुमारे ११० हेक्टर जमीन विकासासाठी मोकळी होईल, असा अंदाज होता. तेवढ्या जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळाच्या सगळा वाहून आला, तर ते पाणी बरोबर ५५,००० घनमीटर भरतं. मला या योजनेतलं हे गणित सगळ्यात जास्त आवडतं, कारण पाटी-पेन्सिल घेऊन कुणीही ते करून पाहू शकतं.

मग पातळी आणखी का उतरवत नाहीत? बोटी तळाला टेकतील. शिवाय असे जुने कालवे गळू नयेत म्हणून त्यांना मळलेल्या चिकणमातीचं अस्तर दिलेलं असतं. ते उघडं पडून वाळलं की त्याला भेगा जातात.

मर्यादा आणखीही आहेत. पाणी आपोआप येणार ते फक्त कालव्यापेक्षा उंच असलेल्या वस्त्यांतून. ग्लासगोचा कालवा उंचावरून जातो, म्हणून टेकडीवरचं पाणी वाटेतच अडवता येतं आणि खालच्या गटारांवरचा भार हलका होतो. नदीकाठच्या सखल भागातलं पाणी उपसूनच वर चढवावं लागेल. पावसाचा आकडाही पाहायला हवा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस त्या ११० हेक्टरांवर पडला, तर कालव्यात केलेल्या जागेच्या जवळजवळ १९ पट पाणी येईल. अशा दिवशी कालवा शहर वाचवू शकत नाही. पण दरवर्षी दोन-चार वेळा गुडघाभर पाणी तुंबवणारा जो पाऊस असतो, त्याच्यासाठी अशी जागा नक्कीच कामाची आहे.

आणि कालवा धडधाकट हवा. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि पाऊस नसताना दांडेकर पुलाच्या परिसरातल्या घरांत पाणी शिरलं. जुन्या कालव्यात पावसाचं पाणी घ्यायचं असेल, तर आधी त्याचा भराव तपासावा लागतो, गाळ काढावा लागतो, त्यात सोडलेलं सांडपाणी बंद करावं लागतं. दारांच्या देखभालीसाठी पावसाळ्याआधी पैसे आणि माणसं ठेवावी लागतात. ग्लासगोत कालव्याची संस्था, महापालिका आणि पाणीपुरवठा कंपनी या तिघांनी मिळून ही योजना केली. आपल्याकडे कालवा पाटबंधारे खात्याचा आणि पावसाळी गटारं महापालिकेची असतात. दार कधी उघडायचं, हे पाऊस येण्याआधी कुणी सांगायचं, ते या दोघांना एकत्र बसून ठरवावं लागेल.