‘ग्रेव्हन’: कोरलेले की खणलेले?

इंग्रजी बायबलच्या १६११ सालच्या किंग जेम्स आवृत्तीत दहा आज्ञांपैकी एक आज्ञा ‘ग्रेव्हन इमेज’ करण्यास मनाई करते. ग्रेव्हन म्हणजे कोरलेली. मूळ हिब्रू पाठातला ‘पेसेल’ हा शब्दही दगड-लाकूड ‘तासणे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनच आला आहे.

जुन्या इंग्रजीत क्रियापद होते ‘ग्राफन’. त्याचा अर्थ खणणे आणि कोरणेही. जमिनीत खणले की कबर होते, म्हणून कबरीला ग्रेव्ह. जर्मनमध्ये ‘ग्राबेन’ म्हणजे आजही खणणे, तर रशियनमध्ये ‘ग्रोब’ म्हणजे शवपेटी. शेवटचा ‘न’ ड्रिव्हन, रिटन यांतलाच. पुढे ‘एन्ग्रेव्ह’ रुळले, ग्रेव्ह हे क्रियापद मागे पडले आणि ग्रेव्हन मुख्यतः बायबलच्या त्या शब्दप्रयोगात टिकून राहिले. धातूवर नक्षी कोरणारे कारागीर मात्र आपल्या टोकदार हत्याराला अजून ग्रेव्हरच म्हणतात.

‘गंभीर’ या अर्थाचा ग्रेव्ह वेगळाच. तो लॅटिन ‘ग्राविस’, म्हणजे जड, यावरून आला. त्याचे संस्कृतातले भावंड म्हणजे आपला ‘गुरु’!

खरी फसगत होते ती ग्रीक ‘ग्राफेन’पाशी. त्याचा अर्थ ओरखडणे, लिहिणे. ग्राफ, फोटोग्राफ हे शब्द त्याच्यापासूनचे. ग्राफन आणि ग्राफेन जुळे वाटतात, पण नाते नाही. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी या साऱ्यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या ‘ग’चा इंग्रजीच्या शाखेत ‘क’ झाला आणि ‘घ’चा ‘ग’. संस्कृत ‘युग’ म्हणजे जू, इंग्रजीत योक. ग्रीकमध्ये ‘ग’ तसाच राहिला. म्हणजे ग्राफेनच्या इंग्रजी नातलगाची सुरुवात ‘क’ने व्हायला हवी, आणि तो नातलग म्हणजे ‘कार्व्ह’, म्हणजे कोरणे. शब्दांचे कूळ शोधताना नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबणारे नेमके इथे घसरतात.

कार्व्हचे जुने रूप ‘चेओर्फन’. त्याचा भूतकाळ एकवचनात ‘चेआर्फ’, अनेकवचनात ‘कुर्फॉन’ आणि ‘कोरलेले’ यासाठी ‘कोर्फेन’. पुढच्या स्वरामुळे काही रूपांत ‘क’चा ‘च’ झाला होता. आजचा ‘क’ बहुधा कुर्फॉन-कोर्फेनमधून सगळीकडे पसरला असावा.

याच कुळातला ‘कर्फ’ सुतारकामात रोज लागतो. करवतीचे पाते लाकूड कापताना जेवढ्या रुंदीचा भुसा करते, ती रुंदी म्हणजे कर्फ. गोल करवतीचा कर्फ साधारण ३.२ मिमी असतो. २४४० मिमी लांबीच्या प्लायवर सुरुवातीलाच ६१०-६१० मिमीवर खुणा केल्या आणि प्रत्येक कापात पाते खुणेच्या पुढच्या बाजूला ठेवले, तर तीन काप मिळून ९.६ मिमी खातात. चारही तुकडे सारखे हवे असतील, तर तेवढी लांबी आधीच वजा करून प्रत्येकी ६०७.६ मिमी धरायची, आणि पुढची खूण आधीचा काप झाल्यावरच करायची.