चेक लाइट म्हणतो सगळं ठीक, तरी गाडी सुरू होत नाही: या कोडमागची जुनी गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आमची जुनी पेट्रोल गाडी, 2004 चं मॉडेल, आर्णी रोडच्या शेतात गोठ्याशेजारी पंधरा दिवस उभी राहिली आणि मग सुरूच होईना. सेल्फ मस्त फिरतो, बॅटरी तेज, पण इंजिन काही धरत नाही. गावचा मिस्त्री आला, स्टिअरिंगखाली वाकला, तारा जोडायच्या कप्लरच्या एका पिनला तारेचा तुकडा लावून दुसरं टोक ग्राउंडला दिलं अन् म्हणे, "भाऊ, चाबी ऑन करा फक्त, सेल्फ नका मारू, अन् लाइटकडं पाहा." चेक लाइट, म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनाचा बिघाड सांगणारा दिवा, एकदा लुकलुकला, थोडं थांबून दोनदा, मग जरा जास्त थांबून परत तसंच. एक आणि दोन, म्हणजे बारा. "बारा म्हणजे काहीच नाही, कंप्युटर म्हणते सगळं ठीक हाय."

गाडी जागची हलत नाही आणि कंप्युटर म्हणतो ठीक, हे डोक्यात राहिलं म्हणून मग वाचत मागे मागे गेलो, तर कळलं की हा कोड मुळात धुरासाठी जन्माला आला, मिस्त्रीच्या कामी तो नंतर आला.

सुरुवात पार अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये. 1943 च्या उन्हाळ्यात तिथं असा धूर दाटला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, युद्धाचे दिवस होते, शत्रूने गॅस सोडला की काय असंही लोकांना वाटलं. पुढे आरी हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांचा आणि पेट्रोलियमचा धूर उन्हात शिजून हे होतंय. 1967 मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी वेगळं बोर्ड काढलं आणि हाच माणूस त्याचा पहिला अध्यक्ष झाला. 1970 च्या अमेरिकन कायद्याने सांगितलं की गाड्यांचा धूर जवळजवळ 90 टक्के कमी करा. आता हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या कार्बोरेटरने हे होणार कसं? 1975 पासून सायलेन्सरच्या लायनीत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि पुढचा तीन प्रकारचे वायू एकदम साफ करणारा कन्व्हर्टर तर नीट चालायला हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 असं अगदी मोजून लागतं, स्क्रू पिळून ते जमत नाही, म्हणून ऑक्सिजन सेन्सर आला आणि सेन्सर आला म्हणून कंप्युटर आला. मग प्रश्न पडला की सेन्सर बिघडला, गाडी धूर ओकायला लागली, तर मालकाला कळणार कसं. तिथून डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा.

1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाने गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम केला, पण कोड कसे द्यायचे ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं आणि इथं सगळा घोळ झाला. हाच बारा नंबर घ्या. जुन्या सुझुकीत बारा म्हणजे सगळं ठीक. टोयोटात बारा म्हणजे इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळत नाही, म्हणजे सुरू न होणाऱ्या गाडीत अगदी मोठी गोष्ट. जनरल मोटर्सच्या जुन्या गाडीत इंजिन बंद असताना बारा यायलाच पाहिजे, त्याचा अर्थ तपासणी चालू आहे. एका गाडीचा तक्ता दुसरीला लावला की चांगला सेन्सर बदलून पैसे गेलेच समजा, आणि आपल्याकडे हे अजूनही होतं.

1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला एकच सोळा पिनचा सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले, तेव्हा कुठे पी 0335 म्हटलं की सगळीकडे क्रँक सेन्सरचं (इंजिन फिरतंय का ते बघणाऱ्या सेन्सरचं) सर्किट असा अर्थ ठरला. युरोपने पेट्रोल गाड्यांना हे 2001 पासून लावलं.

आपल्याकडे हीच गोष्ट शहरातून गावाकडे सरकत आली. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि बिनशिशाचं पेट्रोल, 2000 पर्यंत देशभर शिशाचं पेट्रोल बंद, सुप्रीम कोर्टाच्या 1999 च्या आदेशाने दिल्लीत आधी कडक नियम, आणि त्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कंप्युटरने मोजून पेट्रोल फवारणारी पद्धत, आलं. 2010 मध्ये बीएस-4 (भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे नियम) आणि त्याच्यासोबत गाडीने स्वतःची तपासणी करायची ही सक्ती आली तीही निवडक शहरांत, त्या यादीत मुंबई, पुणे, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. विदर्भाच्या गावागावांत बीएस-3 गाड्याच येत राहिल्या, देशभर बीएस-4 झालं ते 1 एप्रिल 2017 ला. म्हणून आपल्या भागात अशा गाड्या भरपूर आहेत ज्यात कंप्युटर आहे, सेन्सर आहेत, काहींत सोळा पिनचा सॉकेटसुद्धा आहे, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची. चारपाचशेचा, मोबाईलवर कोड दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाईल नुसता शोधत बसतो आणि लोक म्हणतात स्कॅनर खराब निघाला. स्कॅनर चांगलाच असतो हो, गाडी त्याच्या आधीची आहे.

आणि आता त्या बाराचं. धुरावर लक्ष ठेवायला बसवलेला कंप्युटर त्याला जोडलेले सेन्सर तेवढे बघतो. टाकीतला पंप खरंच फिरतोय का, लायनीत प्रेशर आहे का, प्लगवर ठिणगी पडते का, हे त्या काळच्या बहुतेक गाड्यांत तो तपासतच नाही. म्हणून कोड नाही याचा अर्थ बिघाड नाही असा घेऊ नका. उलट चाबी ऑन केल्यावर चेक लाइट लागलाच नाही तर ती मोठी खूण, आधी बल्ब बघा, तो ठीक असेल तर बहुधा कंप्युटरला करंटच पोचत नाही, फ्यूज आणि मेन रिले तपासा. लाइट लागतो, कोड नाही, सेल्फ फिरतो, तर मागच्या सीटजवळ कान लावा, चाबी ऑन केल्याबरोबर दोन-तीन सेकंद पंपाचा घूं आवाज यायला पाहिजे.

आमच्या गाडीत तो आला नाही. मिस्त्रीने मागची सीट उचलली, खाली सोयाबीनच्या टरफलांचा ढीग आणि उंदराने कुरतडलेली पंपाची तार, तांबं उघडं पडून हिरवं झालेलं. तार सोलून जोडली, टेप गुंडाळली, अन् गाडी पहिल्याच सेल्फला लागली.