सुकलेलं बीफ आणि चिवट बीफ: एअर फ्रायरमध्ये होणारी गल्लत

एअर फ्रायर घरी आला त्याच्या दुसऱ्याच रविवारी मी बीफच्या मागच्या मांडीचा पाऊण किलोचा गोळा त्यात ठेवला. २०० अंश, ४० मिनिटं. बाहेरून रंग इतका सुरेख आला की कापायच्या आधी सगळ्यांना बोलावून दाखवला. सुरी घातली तर आत राखाडी, आणि पाटावर रसाचा थेंब नाही. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुकलां, पूण शिजूंक ना."

माझं माहेर सावंतवाडीचं, सासर मडगावचं. कोंकणी कळत होती, वाक्य कळत नव्हतं. ४० मिनिटं एवढ्या उष्णतेत राहिलेलं मांस शिजलं नाही, असं कसं म्हणायचं? पण त्यांनी एका वाक्यात दोन दोष वेगळे केले होते आणि मी ते एकच समजत होते. नंतरची बरीच वर्षं बिनचरबीचं बीफ रांधताना मला जे उमगलं ते सगळं या दोन शब्दांच्या फरकात आहे. सुकणं वेगळं, न शिजून चिवट राहणं वेगळं. दोन्हींचं कारण निराळं आणि उपाय तर एकमेकांच्या उलट. त्यामुळे दोष ओळखण्यात चूक झाली की केलेला प्रत्येक उपाय मांस आणखी बिघडवतो.

आधी सुकणं बघू. कच्च्या मांसात वजनाच्या जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. ते धाग्यांच्या आत, प्रथिनांच्या जाळीत अडकलेलं असतं. मांस तापू लागलं की ही प्रथिनं आक्रसतात: काही ५० अंशांच्या आसपास, काही ६५ च्या पुढे. ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. ६० अंशांवर काढलेला तुकडा आणि ८० अंशांपर्यंत गेलेला तुकडा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. तुमच्या घरी स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर रांधण्याआधी आणि नंतर वजन करून बघा, डोळ्यांनी पटेल. थोडक्यात, सुकणं ठरतं ते मांसाच्या गाभ्याचं तापमान किती वर गेलं यावर.

चिवटपणाचा संबंध पाणी जाण्याशी नाही. मांसाच्या धाग्यांना बांधून ठेवणारं एक आवरण असतं, कोलॅजनचं. जो स्नायू जास्त राबतो त्यात ते जास्त, आणि जनावर जितकं वयस्क तितकं ते पक्कं. हे कोलॅजन ६०-६५ अंशांना आक्रसतं, म्हणजे उलट आणखी आवळतं. ते विरघळून जिलेटिन व्हायला ७० अंशांच्या पुढे सुरुवात होते, तीही सावकाश. त्याला उष्णतेइतकाच वेळ लागतो आणि ओलावा लागतो. मराठीत आपण याच क्रियेला 'शिजणं' म्हणतो. शिजतं ते पाण्यात किंवा वाफेत; कोरड्या आचेवर होतं ते भाजणं. सासूबाईंच्या वाक्यातलं 'शिजूंक ना' हे इतकं नेमकं होतं.

आता माझ्या त्या गोळ्याचं काय झालं ते सांगते. ४० मिनिटांत गाभा ८० अंशांच्या घरात पोचला असणार, म्हणजे पाणी गेलं. पण कोलॅजन विरघळायला त्या तापमानावर तासन्‌तास हवे होते, ते मिळाले नाहीत. दोन्हीकडून नुकसान. एअर फ्रायर म्हणजे छोटी पंख्याची भट्टी: वर तापणारं कॉइल, त्यावर पंखा, खाली भोकांची टोपली. कोरडी गरम हवा सतत फिरते आणि पृष्ठभागाची ओल उडवून नेते. म्हणूनच कवच झकास होतं. बाहेरून खमंग दिसणाऱ्या मांसाची आत काय दशा आहे हे मात्र त्यावरून कधीच कळत नाही.

दोष ताटावर ओळखायचा कसा? सुकलेल्या मांसात सुरी सहज जाते, घास दाताखाली तुटतोही, पण भुगा होऊन तोंडभर पसरतो आणि पाण्याचा घोट घ्यावासा वाटतो. चिवट मांसात सुरी मागेपुढे करावी लागते. घास तुटत नाही, तोंडात गोळा फिरत राहतो. त्यात रस असूही शकतो, आणि हेच लोकांना फसवतं. मांडीचं मांस आतून गुलाबी ठेवलं तर ते रसाळ पण चिवट लागतं. तेच कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देऊन काढलं तर बोटानं सुटं होतं, तरी तोंडात कोरडं लागतं, रस्सा असेल तरच बरं. म्हणजे मऊ आणि तरीही सुकं. ही दोन उदाहरणं डोक्यात ठेवली की हे दोन दोष एकमेकांवर अवलंबून नाहीत हे पटतं.

'लीन' या शब्दानं घोळ आणखी वाढतो. अमेरिकेत १०० ग्रॅम मांसात १० ग्रॅमपेक्षा कमी चरबी (आणि त्यासोबत संपृक्त चरबी व कोलेस्टेरॉलची मर्यादा) असेल तर ते 'लीन' म्हणून विकता येतं. या व्याख्येत मऊपणाचा उल्लेखही नाही. अंडरकट आणि मागच्या मांडीतला लांबट गोल स्नायू, दोन्ही बिनचरबीचे. सोलून ठेवले तर दोन्ही लांबोडके, नवख्याला सारखेच दिसतील. पण अंडरकट हा कण्याच्या आतल्या बाजूला पडून असलेला स्नायू, त्याला कष्टच नाहीत. दुसरा जनावराचं अख्खं धड पुढे ढकलतो. शिवाय त्याच्यात इलास्टिन नावाचं आणखी एक तंतुमय द्रव्य इतर स्नायूंपेक्षा जास्त असतं, आणि ते कितीही उकळा, विरघळत नाही. अंडरकटला भीती फक्त सुकण्याची. मांडीला दोन्हींची.

मडगावच्या बाजारातला आमचा खाटीक मांस तोडायच्या आधी विचारतो, "उकडूंक जाय काय भाजूंक?" (उकडायला हवंय की भाजायला?) पहिल्यांदा मला वाटलं, तुकडे लहान करायचे की मोठे एवढंच त्याला हवंय. कुठला स्नायू द्यायचा, हे तो विचारत होता. आता मी आधी पद्धत ठरवते आणि मगच बाजारात जाते. एअर फ्रायरमध्ये थेट करायचं असेल तर अंडरकट. तो महाग पडतो, पण मांडी घेऊन रविवार वाया घालवण्यापेक्षा कमी घ्यावा आणि अंडरकटच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

परदेशी कृती इथे जशाच्या तशा का चालत नाहीत, हेही यातूनच कळतं. तिकडचं बीफ बहुतेक दोन वर्षांच्या आतबाहेरच्या, मांसासाठीच खाऊ घालून वाढवलेल्या जनावराचं असतं. गोव्यात १९७८ च्या कायद्यानं गायीच्या कत्तलीला बंदी आहे. बाजारात येतं ते बैलाचं किंवा म्हशी-रेड्याचं, आणि ते जनावर पुष्कळदा वयस्क असतं. (महाराष्ट्रातल्या वाचकांकडे २०१५ पासून बैलाचंही नाही, म्हशी-रेड्याचंच मिळतं. इथे लिहिलेलं सगळं त्याला लागू आहे.) दुसरं, तिकडे मांस थंडाव्यात काही दिवस टांगून मुरवतात. त्या काळात मांसातलीच विकरं (एन्झाइम) धागे सैल करतात. आपल्याकडे सकाळी कापलेलं दुपारी पातेल्यात जातं, जेव्हा स्नायू अजून आखडलेले असतात. ताजं म्हणजे चांगलं ही समजूत मासळीला शंभर टक्के लागू पडते, बीफला नाही. आणलेला तुकडा पुसून, झाकून, फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात दोन दिवस ठेवा. फरक जाणवतोच.

आता सुकण्यावरचा उपाय, म्हणजे अंडरकटचा. आदल्या रात्री किलोला १२-१५ ग्रॅम मीठ चोळून ठेवायचं. मीठ आत मुरतं आणि प्रथिनं पाणी धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तुकडा पुसून कोरडा करायचा, कारण ओल्या पृष्ठभागाला रंग चढत नाही. तीन सेंटिमीटर जाडीचे काप, वरून तेलाचा हात, आधीच तापवलेल्या फ्रायरमध्ये २०० अंशांवर टाकायचे आणि निम्म्यावर उलटायचे. मिनिटं मी मुद्दाम ठामपणे सांगत नाही. साधारण आठ ते दहा लागतात, पण प्रत्येक फ्रायरचा स्वभाव वेगळा. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. ही एक वस्तू फ्रायरपेक्षा जास्त उपयोगाची आहे. सुई तुकड्याच्या जाडीच्या मधोमध, बाजूनं घालायची. अख्ख्या तुकड्यासाठी अमेरिकी अन्नसुरक्षेचा दंडक ६३ अंश आणि त्यावर तीन मिनिटं विसावा. मी ६० ला काढते. झाकून ठेवलं की आतल्या उष्णतेनं तो वर चढतो, आणि ६३ ला पोचला की नाही हे सुई पुन्हा घालून बघते. नाही पोचला तर मिनिटभर परत आत. खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत गेलाच पाहिजे, कारण कापताना बाहेरचे जंतू सगळीकडे मिसळलेले असतात.

रेशाद मसाला (गोव्याचा मिरची-व्हिनेगरचा लाल मसाला) लावायचा मोह मला कळतो. पण २०० अंशांवर मिरची करपते आणि कडवट होते, पंख्यानं सुटा मसाला उडतो तो वेगळाच. लावायचाच तर पातळ थर, १८० अंश, शेवटची दोनतीन मिनिटं.

चिवटपणाच्या उपायांसाठी मला दूर कुठे जावं लागलं नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरांनी ते केव्हाच शोधून ठेवलेत. कटलेट पाव खाल्लाय ना? त्यातलं बीफ पातळ कापतात, ठेचतात, आलं-लसूण आणि व्हिनेगर चोळतात, रव्यात घोळवून तव्यावर तळतात. ठेचल्यानं आणि धाग्याला आडवं कापल्यानं लांब धागे आखूड होतात. उरलेलं काम दातांना सोपं जातं. मांडीचं मांस एअर फ्रायरमध्ये थेट टाकायची हीच एक रीत मला मान्य आहे: अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ काप, ठेचलेले, रव्याला तेलाचा फवारा, २०० अंशांवर सहासात मिनिटं. धागे कुठल्या दिशेनं धावतात ते कच्चं असतानाच बघून ठेवा. लाकडाच्या रेषांसारखे ते दिसतात, आणि सुरी त्यांच्यावर आडवी चालली पाहिजे. कच्च्या पपईचा गरही चालतो, पण तो वरवरच काम करतो आणि जास्त वेळ ठेवला तर वरचा थर पिठूळ होतो. अर्धा तास पुरे.

अख्खा गोळाच हवा असेल तर गोव्याचा बीफ रोस्ट आहे. आधी कुकर, मग भाजणं, या क्रमात तडजोड नाही. अख्खी मिरी, लवंग, दालचिनी, आलं-लसूण, सुरेचं (माडीचं) व्हिनेगर आणि पेलाभर पाणी. कुकरमधली वाफ १२० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे कोलॅजनला लागणारे तास अर्ध्या-पाऊण तासावर येतात. सुरी सहज शिरली की थांबायचं. गोळा बाहेर न काढता त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा. गरम असताना काढला की वाफेबरोबर उरलंसुरलं पाणीही जातं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की कापताना चुरा होत नाही. दुसऱ्या दिवशी आडवे काप, त्यांना तेल आणि आटवलेला तोच रस चोळायचा, आणि २०० अंशांवर पाचसहा मिनिटं. इथे एअर फ्रायरकडून शिजवण्याचं काम घ्यायचंच नाही, फक्त रंग आणि खमंगपणा घ्यायचा. त्यात तो तव्यापेक्षा सरस आहे.

सगळ्यात जास्त मांस वाया जातं ते चुकीच्या दुरुस्तीनं. चिवट लागलं म्हणून आणखी दहा मिनिटं फ्रायरमध्ये: चिवट तर राहतंच, वर सुकतं. कुकरमधलं मांस कोरडं लागलं म्हणून आणखी दोन शिट्ट्या: होतं नव्हतं ते पाणीही जातं. चिवट तुकड्याला पाणी आणि वेळ हवा, म्हणजे कुकर. सुकलेल्याला आणखी उष्णता देऊच नये. त्याचे पातळ काप करावेत, आणि कांदा, मिरची, व्हिनेगरच्या ओलसर मसाल्यात फक्त घोळवून गॅस बंद करावा.

त्या रविवारी सासूबाई एवढंही समजावत बसल्या नाहीत. माझा गोळा उचलला, धाग्याला आडव्या फोडी केल्या, फ्रायरच्या तळाशी जमलेला करडा रस पाण्यानं खरवडून कुकरमध्ये ओतला, व्हिनेगरचा एक पळा टाकला आणि झाकण लावलं. अर्ध्या तासानं मांस काट्यानं तुटत होतं. सुकेपणा पूर्ण गेला नव्हता, तो जाणारही नव्हता, म्हणून त्यांनी रस्सा दाट ठेवला. संध्याकाळी पोई (गोव्याचा पाव) आणली आणि रश्श्यात बुडवून आम्ही सगळं संपवलं.